नासलं तर कळव

सावळटेकच्या वांग्याला भारी घाई. पहाटे तोडलं की दुपारी त्याची पाठ सैल पडू लागते, संध्याकाळी देठ मान टाकतो आणि दुसऱ्या दिवशी गाढव तरी ते खाईल की नाही, याची खात्री देता येत नाही. फिकट हिरवं, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं, विस्तवावर धरलं की स्वतःचंच तेल सोडणारं हे वांगं तापीकाठच्या मळईत, पुराने आणलेल्या गाळाच्या जमिनीतच व्हायचं. त्याच्या भरितासाठी जळगावची माणसं गाड्या काढून यायची. पण ते टिकत नसल्यामुळे अख्खं गाव हिवाळाभर पळत असायचं. 'सावळटेकला आधी तोडा, मग तिरडी' अशी चेष्टा आजूबाजूच्या गावांत चालायची, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

या घाईनेच वैजंता सपकाळेला वर काढलं होतं.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, भिकनच्या, वाट्याला जमीन नव्हती. होती ती मळईची पट्टी थोरल्या भावाची. तो वारल्यावर त्याची बायको द्वारका ती एकटीने कसत होती. एका संध्याकाळी न खपलेल्या वांग्यांची पाटी द्वारकाने धाकट्या जावेपुढे सरकवली. "उद्यापर्यंत नासतीन. पुलावर जाय आन् विकून ये. जे येईन ते तुह्यं." वैजंता पुलावर उभी राहिली, लाजत लाजत पहिलं वांगं विकलं आणि रिकामी पाटी घेऊन पळत घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग आठवडी बाजार, मग जळगावची मंडई, मग बायकांचा गट, मग विजेवर चालणारा टेम्पो आणि त्यावर भिकन चालक. वर स्लॅबचं घर झालं आणि मुलगी केतकी नाशिकला शिकायला गेली. व्यापारी तिच्या टेम्पोची वाट बघत, कारण तिचा माल उजाडायच्या आत यायचा आणि इतरांचा येईपर्यंत विकूनही झालेला असायचा.

तिला मिळालं तसं ती पुढे देतही होती. संध्याकाळी उरलेली, पिकून पिवळी पडलेली वांगी ती पुलापलीकडच्या वीटभट्टीवर टाकून यायची. तिथली माणसं त्यातली बरी निवडून खायची, काही जणी पाटी भरून बसथांब्यावर विकायच्या आणि उरलेलं गाढवांना जायचं. पावसाळ्यात भट्टी बंद असली की राखेच्या ढिगाऱ्यावर वांग्याची रोपं आपोआप उगवायची. दिवाळीनंतर मजूर परत आले की झाडांना फळं लागलेली असायची. गावात त्यांना 'भट्टीची वांगी' म्हणून हसत.

गावातल्या बियाण्याची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. ते द्वारकाच्या घरात राहायचं. तिच्या सासूकडून तिला आलेलं, सासूला तिच्या सासूकडून. हिवाळ्यात शेतभर फिरून द्वारका उत्तम झाडं हेरायची आणि प्रत्येकावरच्या एका वांग्याला लाल चिंधी बांधायची. चिंधीच्या वांग्याला कुणी हात लावायचा नाही. ते पिवळं व्हायचं, तपकिरी व्हायचं, मऊ पडून घाण वास मारायचं. तेव्हा ते फोडून, बी धुऊन, राख चोळून मडक्यात जायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की गावातल्या बायका आणि लेकी द्वारकाच्या ओट्यापुढे तळहात पसरून उभ्या राहायच्या. ती मूठ मूठ बी द्यायची. विकायचं नाही, मोजायचं नाही, आणि शेवटचा दाणा गेला की मडकं पालथं घालायचं. बी घरात राखून ठेवणं म्हणजे घराला कवडीचुंबकपणाचा डाग. एकदा बियाणं जमा करणारे एक सरकारी साहेब नमुना मागायला आले होते. ते आले भर पावसाळ्यात, तेव्हा मडकं पालथं. द्वारका त्यांना म्हणाली होती, "आखाजीले या साहेब, हात पसरा, देते." साहेब काही आखाजीला फिरकले नाहीत.

आता थोडं शास्त्र सांगायला हवं. भरिताइतकं ते चवदार नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं पचायचं नाही.

तोडलेलं वांगं मेलेलं नसतं. देठ तुटला तरी ते श्वास घेत असतं. मुळांकडून येणारा पुरवठा बंद, म्हणून साठवलेली साखर जाळत, पाणी गमावत ते हळूहळू स्वतःलाच खातं. थंड खोलीत ठेवलं तर श्वास मंदावतो, पण वांग्याला थंडी बाधते. कातडीवर खड्डे पडतात आणि आतून ते काळं होतं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या डॉ. नचिकेत दाबके यांना वेगळाच प्रश्न पडला. फळ नासतं, पण त्याच्याच पोटातलं बी वर्षानुवर्षं कसं राहतं? उत्तर असं, की बी निजतं. त्याच्या पेशी श्वास जवळजवळ थांबवतात, वाढ थांबवतात आणि ओलाव्याची, उबेची हाक येईपर्यंत पडून राहतात. बियाला निजवणारा हा संदेश दाबक्यांनी हुडकला, त्याच्यासारखा पण कितीतरी चिवट रेणू बनवला आणि तो अख्ख्या फळाला ऐकू जाईल अशी सोय केली. तोडणीच्या आधी झाडावर फवारायचं. पानांतून तो रसात उतरतो, रसातून फळात. फळ असेल तिथे थांबतं. महिन्याने कापा की वर्षाने, आत्ताच तोडल्यासारखं.

कंपनीने त्याला लांबलचक नाव ठेवलं होतं. सावळटेकने एका दिवसात ते 'नीज' करून टाकलं.

दाबके स्वतः गावात आले होते. माणूस साधा, कुरळ्या केसांचा, मळईत बूट रुतले तर बूट हातात घेऊन चालणारा. भाव पडला की रस्त्यावर ओतलेले भाजीचे ढीग त्यांनी लहानपणी पाहिले होते आणि ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. "नासतं म्हणून तुम्ही पडेल त्या भावात देता," ते म्हणाले. "नासलं नाही, तर समोरच्याला थांबावं लागेल. तुम्हाला नाही."

वैजंताला हे पटलं. आणि गंमत म्हणजे तिच्याआधी द्वारकाला पटलं. शेतातच कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजली होती, भिकन लाकडी बडगीत भरीत ठेचत होता, आणि द्वारका पाय लांब करून बसली होती.

"या वांग्याच्या मांगं पळू पळू माह्ये पाय गेले, वैजंता," ती म्हणाली. "आते एक दिस तरी मले दुपारी निजू दे. फवार म्हणा त्यायले."

"आन् चिंधीची झाडं, आक्का?"

"यंदा तुह्या वाट्यावर फवार. माह्या नको. पाहू तं खरं काय होते ते."

त्या वर्षी वैजंताने द्वारकाकडून कसायला घेतलेल्या अर्ध्या पट्टीवर ड्रोन फिरला. पहिला तोडा गोडाऊनमध्ये ठेवून ती रोज सकाळी बोटाने दाबून बघायची. वांगी तशीच. मंडईत भाव कोसळला तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा टेम्पो न भरता घरी बसली, चहा प्यायली आणि त्या दिवशी दुपारी खरंच निजली. भर मे महिन्यात तिने पुण्या-मुंबईच्या खानदेशी माणसांना वांगी पाठवली. चाळीस अंशांत भरीत! लोक फोन करून रडायचे बाकी होते. वैजंताच्या पायाला भिंगरी होती ती थांबली, चेहरा भरला, आणि भिकन टेम्पोवर 'घाई नाही' असं रंगवून घ्यायच्या गोष्टी करू लागला.

त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी भट्टीवरची रायली गोडाऊनच्या दारात आली. सातपुड्यातून नवीनच लग्न होऊन आलेली, अंगावर विटांची धूळ, डोक्यावर रिकामी पाटी.

"ताई, उरलेली वांगी दे. बाकीच्या बाया म्हणते, तू देते. मी थांब्यावर विकीन."

वैजंता उठून पाटीकडे हात करणार, तोच तिच्या लक्षात आलं की द्यायला काही नाही. द्वारकाच्या वाट्याची न फवारलेली वांगी ती आधी टेम्पोत घालून पहाटेच विकून टाकायची; गोडाऊन गच्च भरलेलं होतं, पण उरलेलं त्यात एकही नव्हतं. प्रत्येक वांगं उद्या विकता येणार होतं, नाहीतर परवा, नाहीतर पुढच्या महिन्यात. "आता उरत नही वं काही," ती म्हणाली. रायलीने आतल्या राशीकडे पाहिलं, वैजंताकडे पाहिलं, आणि पाटी कमरेला लावून ती परत गेली. वैजंता तिला हाक मारायला दारापर्यंत गेली. पण तेवढ्यात पुण्याहून फोन आला आणि ती विसरली.

त्या आखाजीला द्वारकाच्या मडक्यातलं बी नेहमीसारखं वाटलं गेलं, मडकं पालथं झालं, आणि वैजंताची भरभराट बघून सगळ्याच हरखून गेलेल्या होत्या. तळहातावर बी घेता घेता प्रत्येकीने तिला विचारलं, "आमच्याकडेबी फवारतीन का?" वैजंताच्या गटाने गावोगावी फवारणी पोचवली. लेकी दिल्या होत्या त्या गावांतही.

दुसऱ्या हिवाळ्यात द्वारकाच्या पट्टीवरही फवारायचं ठरलं. अडचण चिंधीच्या झाडांची होती. ती एका जागी थोडीच असतात? उत्तम झाड जिथे उगवलं तिथे. शेतभर विखुरलेली. ड्रोन काही झाडं चुकवत जाणार नाही.

"पिशव्या बांधू," द्वारका म्हणाली. "डाळिंबाले बांधते तशा. वांग्याले थेंब लागला नही म्हंजे झालं."

दोघींनी मिळून बांधल्या. चिंधीच्या प्रत्येक वांग्यावर पिशवी, वर सुतळीची गाठ. द्वारकाने प्रत्येक गाठ स्वतः ओढून पाहिली. औषधाच्या डब्यावर 'बियाण्याच्या पिकावर वापरू नये' असं छापलेलं होतं. वैजंताने ते वाचलंही होतं. पण हे बियाण्याचं पीक कुठे होतं? हे भरिताचं पीक होतं, त्यात चार चिंध्या. इतर गावांतल्या बायकांना तर तोही प्रश्न नव्हता. बी राखायचं काम द्वारकाचं, त्यांनी कशाला राखायचं?

रसातून फळात, हे दाबक्यांनी सांगितलं होतं. पिशवी बाहेरून बांधलेली होती.

माघ संपला, फाल्गुन आला. चिंधीची वांगी पिवळी होईनात. द्वारका रोज शेतात जाऊन बघायची. "यंदा थंडी लांबली," म्हणायची. मग, "यंदा उशीर दिसते." बाकीची झाडं उपटून सरपणाला गेली, तरी चिंधीची झाडं मळईत उभी होती. ना नवं पान, ना नवी कळी, ना मरण. शेवटी एके दुपारी तिने एक वांगं फोडलं. आत पांढरी, ओली, कोवळी बी. टाचणीच्या डोक्याएवढीही नाही. तिने ती अंगठ्याने चिरडली आणि नुसतं पाणी निघालं.

वैजंताने दाबक्यांना बोलावलं. ते दुसऱ्याच दिवशी आले. त्यांनी वांगी नेली, झाडांचे शेंडे कापून नेले, आणि होळी झाल्यावर पुन्हा आले ते बूट न काढताच ओट्यावर बसले.

"उठवा ना बापा आता त्या बियाले," द्वारका म्हणाली. "तुम्ही निजवलं, तुम्हीच उठवा."

"बी निजलेलं नाही, आक्का," ते म्हणाले. "निजायला आधी पुरं व्हावं लागतं. फळ पिकतं, पिवळं होतं, सडतं, तेव्हा आत बी पुरं होत असतं. आपण फळ थांबवलं, तर बीही तिथेच थांबलं. ते झालंच नाही."

"आणि झाडं?" वैजंताने विचारलं. "झाडाच्या तुकड्यापासून झाड करता येतं म्हणतात ना प्रयोगशाळेत?"

"पेशी जिवंत आहेत. पण फुटत नाहीत. मी सगळं करून पाहिलं." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "निजवायचं कसं ते मला सापडलं होतं, वैजंताताई. उठवायचं कसं, हे आधी शोधायला हवं होतं. मला वाटलं, उठवून करायचंय काय? भाजीच तर आहे."

द्वारकाने त्यांच्यासाठी चहा ठेवला आणि तो तसाच उकळत राहिला.

त्यानंतर वैजंताने कुठे कुठे फोन केले नाहीत! चोपड्याकडे, यावलकडे, जिथे जिथे सावळटेकच्या लेकी दिल्या होत्या तिथे. सगळीकडे एकच उत्तर. बी आखाजीला घेतलं, पेरलं, लावलं, फवारलं. राखून कुणी ठेवलं नव्हतं. सरकारी बियाणे-भांडारात सावळटेकच्या नावाचा डबाच नव्हता. मंडईतही आता तिची कुणी वाट बघत नव्हतं. ज्याची त्याची गोडाऊनं निजलेल्या मालाने भरलेली होती. जुने व्यापारी हसून म्हणायचे, "राहू द्या ताई, घाई काय आहे?" गावात त्या हिवाळ्यात भरीतसुद्धा झालं नव्हतं. कधीही करता येईल, म्हणून राहून गेलं होतं.

आणि मग एका सकाळी भांडी घासता घासता तिला भट्टीची वांगी आठवली.

हात तसेच राखेने भरलेले, ती पुलावरून अक्षरशः पळत सुटली. लग्नानंतरच्या पहिल्या पाटीच्या वेळी पळाली होती, तशी. भट्टीवर गाढवं विटा वाहत होती. ढिगाऱ्याच्या जागी सपाट जमीन होती आणि कडेला दोन वाळकी खुंटं उभी होती. तिने एक खुंट उपटलं, वास घेतला, नखाने साल खरवडून पाहिली. आत कोरडं ठाक.

रायली डोक्यावरच्या विटा उतरवून जवळ आली. "काय शोधते ताई?"

"इथं वांगी उगवायची. दर वर्षी. ती कुठं गेली?"

"ती जुनी. गाढवांनी खाल्ली, ढीग मालकाने मातीत घेतला. ही दोन वाळली." रायली साधेपणाने म्हणाली. "नवी कशी येईल? मागल्या साली तू काही टाकलंच नाही ना."

वैजंता तिथेच खाली बसली. रायलीला वाटलं, हिला ऊन लागलं. तिने मडक्यातलं पाणी आणून दिलं. वैजंताला तिचा तो रिकामी पाटी घेऊन दारात उभा असलेला चेहरा आठवला, आणि त्या दिवशीचं स्वतःचं भरलेलं गोडाऊन आठवलं, आणि तिला रडू आवरेना. तिने द्वारकाच्या न फवारलेल्या वाट्यातली एक पाटी दिली असती, सडकी का होईना. त्यातली निम्मी या ढिगाऱ्यावर पडली असती.

"त्या दिवशी तुले द्यायला पाहिजे होतं वं," ती म्हणाली. रायलीला कशाबद्दल ते कळलं नाही. तिने मान डोलावली आणि ती विटांकडे परत गेली.

आखाजी आली. गावात झोके बांधले गेले, गाणी झाली, लेकी आल्या. बातमी सगळ्यांना कळलेली होती. तरीही दुपार कलल्यावर द्वारकाच्या ओट्यापुढे बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांना दुसरं काही सुचलं नाही. बी असो नसो, आखाजीला इथे यायचं असतं. सगळ्यांत पुढे द्वारकाची लेक योगिता होती. तिने सवयीने तळहात पुढे केला, मग चुकल्यासारखा मागे घेतला.

द्वारका मडक्यापाशी बसून होती. मडकं सरळच होतं. वाटून झालं तर पालथं घालायचं, आणि यंदा वाटलंच नव्हतं.

"वैजंता," ती म्हणाली, "यायले रिकाम्या हाती कशी लावू वं?"

वैजंता गोडाऊनमध्ये गेली. चिंधीची वांगी तिने वेगळ्या टोपलीत जपून ठेवली होती. टोपली घेऊन ती ओट्यावर आली आणि योगिताच्या तळहातावर तिने एक वांगं ठेवलं. लाल चिंधी बांधलेलं, फिकट हिरवं, तुकतुकीत, देठाशी टवटवीत काटे.

"काकू, याचं बी निंघीन?" योगिताने विचारलं.

"आत्ता नही. याले खाऊ नको, कापू नको. घरात उबेला ठेव. रोज दाबून पाहत जाय." वैजंताने तिची बोटं वांग्याभोवती मिटली. "नासलं तर कळव."

पुढची आली, तिलाही तेच सांगितलं. मग तिच्या मागची. आयुष्यभर वांगं नासायच्या आत पळणारी बाई प्रत्येकीला विनवत होती, नासलं तर कळव, लगेच कळव, रात्री-अपरात्री कळव. टोपली रिकामी झाल्यावर द्वारकाने मडक्याकडे हात नेला, थोडा वेळ काठावर ठेवला आणि तसाच मागे घेतला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. द्वारका गेली. दाबके अजून प्रयोगशाळेत उठवण्याचा मार्ग शोधतात आणि वर्षातून एकदा सावळटेकला येऊन गोडाऊनमधलं एक वांगं घेऊन जातात. मळईत आता कंपनीची जांभळी वांगी होतात. त्यांच्या भरिताला तेल वरून घालावं लागतं. वैजंता थांब्यावर भाजीचं छोटं दुकान चालवते. तिथल्या मालावर ती कधी नीज फवारू देत नाही, आणि संध्याकाळी उरलेली पाटी भट्टीवर पाठवते. रायलीने त्यातूनच थांब्यावर स्वतःची टपरी मांडली आहे.

आखाजीला मात्र वैजंता दुकान उघडत नाही. द्वारकाच्या ओट्यावर फोन घेऊन बसते, शेजारी ते सरळ ठेवलेलं मडकं. दिवसभर लेकींचे फोन येतात. चोपड्याहून, यावलहून, एक सुरतहून. ख्यालीखुशाली होते, पोरांची लग्नं, गुडघ्यांची दुखणी. मग वैजंता विचारते, "आन् ते?"

योगिताचा फोन सगळ्यांत शेवटी येतो.

"सकाळीच दाबून पाह्यलं, काकू," ती म्हणते, आणि तिला पुढचं सांगायला दर वर्षी थोडा जास्त वेळ लागतो. "अजून ताजंच हाय."